दक्षिणेची भिंत आणि अनंताचं झुडूप

न्यू जर्सीच्या मध्यभागात, एडिसनपासून प्लेन्सबोरोपर्यंतच्या पट्ट्यात, मराठी घरं आता भरपूर आहेत. घर घेतल्यावर आतली मांडामांड होते, मग लक्ष बाहेर जातं आणि भिंतीला लागून काय लावायचं हा प्रश्न येतो. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: बॉक्सवूड, यू, अझेलिया, हायड्रेंजिया. ही सगळी इथल्या थंडीला सरावलेली आणि कुठल्याही नर्सरीत मिळणारी झाडं. पण काहींना याच्या पलीकडचं झुडूप हवं असतं, इथला हिवाळा एखाद्या वर्षी सोसेल आणि एखाद्या वर्षी सोसणार नाही असं, अगदी काठावरचं. अशा वेळी सगळी भिस्त घराच्या उबेवर असते. ही ऊब किती खरी आणि कोणत्या झाडाच्या कामाची, यावर एका मामा-भाचीचं झालेलं बोलणं इथे मांडलं आहे. मामा मूळचा सासवडचा, ऐंशीच्या दशकात इकडे आलेला, बागेत मुरलेला. भाची पुण्यात वाढलेली, तिने नुकतंच विटांच्या भिंतींचं एक जुनं घर घेतलं आहे. घराची लांब भिंत दक्षिणेला तोंड करून आहे. पश्चिमेच्या टोकाला गॅरेज पुढे आलेलं असल्यामुळे तिथे एक आतला कोपरा तयार झाला आहे. उत्तर आणि पश्चिम बंद, पूर्व आणि दक्षिण उघडी. वादाचा विषय हा कोपरा आणि त्याच्या शेजारची भिंत.

भाची : मामा, त्या कोपऱ्यात मला अनंत लावायचा आहे. आपला झोन सात. क्लाइम्स हार्डी नावाचा वाण मिळतो, एकेरी सहा पाकळ्यांचा, दोन-तीन फुटांच्या वर जात नाही. रोपाच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहिलंय, झोन सात चालेल. शिवाय पाठीशी विटांची भिंत. मग तू मान का हलवतोयस?

मामा : चिठ्ठीवरच्या सातचा अर्थ तू जो घेतेस तो नाही, म्हणून. अमेरिकेच्या कृषी खात्याचा हा झोनचा नकाशा 1960 साली पहिल्यांदा निघाला. दरवर्षीची सगळ्यांत थंड रात्र घ्यायची, अशा तीस वर्षांच्या रात्रींची सरासरी काढायची आणि त्यावरून झोन ठरवायचा. सातमधला थंड अर्धा भाग म्हणजे शून्य ते पाच फॅरनहाइट, आपल्या सेल्सियसमध्ये उणे अठरा ते उणे पंधरा. आता सरासरी म्हटल्यावर साधारण निम्म्या वर्षांत पारा तिच्याही खाली उतरणार. झाडाला सरासरी कळत नाही गं, त्याला ती एक रात्र कळते. 1994 च्या जानेवारीत न्यू यॉर्कच्या सेंट्रल पार्कात पारा शून्य फॅरनहाइटच्या खाली दोनवर गेला होता. 2016 मध्ये चौदा फेब्रुवारीला शून्याच्या खाली एक. आणि ते शहर आहे, काँक्रीटने तापलेलं. आपल्याकडे उपनगरात त्याहून गारच असतं.

भाची : तुझे हे दोन आकडे माझ्याच बाजूचे आहेत. 1994 नंतर सेंट्रल पार्कात पुन्हा शून्याखाली जायला बावीस वर्षं लागली. बावीस वर्षं दर जूनमध्ये दारात अनंत फुलला आणि मग एका रात्री गेला, तर मी त्याला वाया गेलेलं झाड म्हणणार नाही. आपण ज्या गाड्या घेतो, जी छपरं घालतो, ती तरी कुठे इतकी टिकतात? आणि 2023 चा नवा नकाशा बघ. 1991 ते 2020 ची आकडेवारी घेतली, तर जवळजवळ निम्मा देश अर्ध्या झोनने उबदार निघाला. तू आलास तेव्हा इथे क्रेप मर्टल कितीशी दिसायची? आज पार्किंग लॉटमध्येसुद्धा आहे.

मामा : क्रेप मर्टल आपल्या ताम्हणाची जवळची नातलग, मला आवडतेच. पण ती इथे रुळली ती फक्त हवा बदलली म्हणून नाही. वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये डोनाल्ड एगॉल्फ यांनी जपानच्या याकुशिमा बेटावरच्या जातीशी तिचा संकर केला, नॅचेझसारखे वाण काढले, रोगाला न बधणारे. म्हणजे झाड बदललं. आणि हवा उबदार झाली ती सरासरीने. अचानक कोसळणारा गारठा कुठे गेलाय? 2022 चा नाताळ आठव. तेवीस डिसेंबरला न्यू यॉर्कला पारा पन्नाशीच्या पुढे होता आणि मध्यरात्रीच्या आत तो एक आकडी झाला. झाड थंडीची तयारी हळूहळू करतं. दिवस लहान होतात, रात्री गार होत जातात, तसतसा पेशींमधला रस घट्ट होतो. डिसेंबर उबदार गेला की ती तयारी अर्धवट राहते. मग जी थंडी जानेवारीत सोसली असती, तीच डिसेंबरात जीव घेते.

भाची : म्हणून तर भिंतीजवळ लावतेय. उघड्या लॉनच्या मधोमध लावत असते तर तू म्हणतोस ते मान्य होतं.

इथून पुढे खरा वाद भिंतीचाच आहे. झोनच्या आकड्यांवर दोघं तासभर बोलू शकले असते, पण ते आकडे नकाशावरचे असतात. भिंत प्रत्येकाची वेगळी असते, आणि तिच्याबद्दल इथे सगळेच काहीतरी गृहीत धरून बसलेले असतात.

मामा : मला सांग, भिंतीला ऊब येते कुठून?

भाची : घरातून. आत सत्तर डिग्री, बाहेर वीस. काहीतरी बाहेर झिरपणारच.

मामा : पन्नास वर्षांपूर्वीच्या घरात झिरपायची. आता इन्सुलेशन असतं, आणि तू घर घेतल्यावर पहिलं काम तेच केलंस. भट्टीची ऊब बाहेर गेली तर बिल वाढतं, म्हणून ती जाऊ नये अशीच भिंत आपण करतो. बेसमेंटच्या लगतची माती थोडी उबदार राहते, तेवढं खरं. बाकीची ऊब सूर्याची. आपण चाळीस अंश अक्षांशाच्या थोडे वर आहोत. एकवीस डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सव्वीस अंशांवर असतो. तो इतका खाली असतो की उभ्या दक्षिण भिंतीवर ऊन जवळजवळ समोरून पडतं. जूनमध्ये तोच सूर्य त्र्याहत्तर अंशांवर, भिंतीला नुसता घासून जातो. म्हणजे दक्षिणेची भिंत हिवाळ्यात जास्त ऊन खाते. वीट ते ऊन पोटात ठेवते आणि रात्री सोडते. तुझी भिंत विटांची आहे हे तुझं भाग्य. शेजारच्या घराला व्हायनल साइडिंग आहे, त्यात साठवायला काहीच नाही.

भाची : मग तूच माझी बाजू मांडतोयस.

मामा : अजून अर्धंच बोललोय. थंडीच्या रात्री दोन तऱ्हेच्या असतात. एक शांत रात्र. आकाश निरभ्र, वारा नाही, जमिनीतली उष्णता सरळ वर निघून जाते. अशा रात्री भिंत खरंच मदत करते. तिच्याजवळची हवा उघड्या लॉनपेक्षा काही अंशांनी उबदार राहते. वर वळचण असेल तर अजून बरं, कारण ती आकाश झाकते. आता दुसरी रात्र. उत्तर ध्रुवाकडची हवा वायव्येकडून सोसाट्याने येते. तो वारा भिंतीजवळची ऊब क्षणात उडवून नेतो, आणि वीट सकाळपर्यंत हवेइतकीच गार होते. आपल्याकडच्या सगळ्यांत वाईट थंड्या या दुसऱ्या जातीच्या असतात. 2016 चा व्हॅलेंटाइन तसाच होता, 2022 चा नाताळही. म्हणजे भिंत साध्या थंडीत सोबत करते आणि खऱ्या संकटाच्या रात्री हात काढून घेते. लोक भिंतीवर झोन सातऐवजी आठ लिहून टाकतात. तो आठ निम्म्या रात्रींपुरता असतो.

भाची : वाऱ्याचंच म्हणशील, तर माझा कोपरा बघ. वायव्येला गॅरेज आणि घर दोन्ही उभी आहेत. वारा तिथे पोचतच नाही. आणि माझ्या समजुतीप्रमाणे सदाहरित झुडपाला नुसत्या पाऱ्यापेक्षा वारा जास्त मारतो. पानांतलं पाणी वाऱ्याने उडतं, जमीन गोठलेली असते, मुळांना पाणी ओढता येत नाही. झाड गारठून मरण्याआधी तहानेने मरतं. मग आडोसा हीच कोपऱ्याची खरी देणगी झाली. ऊब मी जमेत धरतच नाही.

मामा : हे तू बरोबर बोललीस. भिंतीची ऊब आणि भिंतीचा आडोसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आडोसा जास्त भरवशाचा. पण तहानेचं म्हणालीस ना, तर उन्हाचंही तेच आहे. फेब्रुवारीत दक्षिणेच्या भिंतीपाशी दुपारी ऊन परतून येतं, पानं तापतात, पाणी टाकू लागतात, आणि खाली जमीन दगड झालेली. त्या वेळी ऊब उपकार करत नाही. शिवाय ऊब झाडाला लवकर उठवते. मार्चच्या सुरुवातीला दक्षिण भिंतीजवळच्या झुडपाला पालवी फुटते आणि महिनाअखेरच्या एका रात्रीत करपून जाते. तेच झुडूप उत्तरेला असतं तर झोपून राहिलं असतं आणि वाचलं असतं. इंग्लंडमधले जाणते माळी कॅमेलिया पूर्वेच्या भिंतीला लावू नका म्हणतात ते अशाच कारणासाठी. रात्री गोठलेली कळी सकाळच्या पहिल्या उन्हात भसकन वितळली की तपकिरी पडते. सावलीत हळूहळू वितळली तर टिकते.

मामाचं हे म्हणणं दारात झाड लावणाऱ्या प्रत्येकाने मनावर घ्यावं असं आहे. आपण उबदार देशातून आलेली माणसं. थंडीत आपण स्वतः जिथे उभे राहू, तिथेच झाड उभं करतो. पण हिवाळ्यात झाडाला स्थैर्य हवं असतं. दिवसा साठ आणि रात्री दहा यापेक्षा दिवसरात्र पंचवीस त्याला मानवतं. भाचीलाही हे पटलं असावं, कारण तिने भिंतीचा मुद्दा सोडून कॅमेलियाचा धागा उचलला.

भाची : कॅमेलियाचं तू काढलंस ते बरं झालं, कारण त्या झाडाची गोष्ट माझ्या बाजूची आहे. चहाचीच ही जात, आणि चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी वॉशिंग्टनच्या उत्तरेला कॅमेलिया म्हणजे वेडेपणा मानत. नॅशनल आर्बोरेटममध्ये तिची शेकडो झाडं होती. 1970 च्या दशकाच्या शेवटी लागोपाठ कडक हिवाळे आले आणि बाग जवळजवळ साफ झाली. विल्यम अ‍ॅकरमन नावाचे संशोधक तिथे होते. त्यांनी मेलेल्यांत उरलेलं काय ते पाहिलं. कॅमेलिया ओलिफेरा, चीनमध्ये जिच्या बियांचं खायचं तेल काढतात, तिचं लू शान स्नो नावाचं झाड जणू काही झालंच नाही असं उभं होतं. त्यांनी शरदात फुलणाऱ्या दुसऱ्या जातींशी तिचा संकर केला. विंटर्स स्टार, पोलर आइस हे वाण त्यातून आले. आज आपल्या न्यू जर्सीत लोक कॅमेलिया लावतात ते या माणसामुळे. मामा, ती शेकडो झाडं कुणी लावलीच नसती, तर त्यांतलं कुठलं वाचतं हे कळलं असतं का?

मामा : नसतं कळलं. पण ती एका संशोधन संस्थेची बाग होती. शेकडो गेली तरी त्यातून शिकणं हेच तिचं काम. तुझ्या दारात एकच झुडूप असणार. आणि अ‍ॅकरमन यांनी काय केलं ते नीट बघ. त्यांनी भिंत शोधली नाही, झाड शोधलं. उघड्यावर वाचलेलं झाड. आणि दुसरी गोष्ट. त्यांचे बरेचसे वाण ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतात, कडाका पडण्याआधी. वसंतात फुलणाऱ्या कॅमेलियाला कळ्या अख्खा हिवाळा अंगावर वागवाव्या लागतात. झाड वाचतं, कळ्या मरतात. झाडाची सहनशक्ती वेगळी आणि कळीची वेगळी, हे चिठ्ठीवर कुणीच छापत नाही.

भाची : हायड्रेंजियासारखं.

मामा : अगदी तसंच. इथे प्रत्येक गल्लीत एक हायड्रेंजिया असते जिला नुसती पानं येतात. घरमालक खत घालतो, पाणी घालतो, फूल काही येत नाही. निळ्या-गुलाबी गेंदाची ती जुनी जात मागच्या वर्षीच्या फांदीवर फुलते. हिवाळ्याने फांदीवरची कळी मारली की त्या वर्षी संपलं. मुळातून नवी फूट भरघोस येते, पण तिच्यावर फूल नाही. म्हणून एंडलेस समर निघाली तेव्हा लोकांनी ती उचलून धरली, कारण ती नव्या फुटीवरही फुलते. माझ्या मते काठावरचं झुडूप घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच. हे वाचेल का, हा दुसरा. पहिला हा, की जमिनीपर्यंत जळालं तर त्याच वर्षी नव्या फांदीवर फुलेल का, फळेल का? क्रेप मर्टल फुलते. अंजीर फळतं. तुझा अनंत मुख्यतः जुन्या फांदीवर फुलतो. एक आकडी थंडीत त्याची पानं करपतात, टोकं जातात, आणि आणखी खाली गेलं की जमिनीपर्यंत जळतो. मुळातून येईलही परत. पण जूनमध्ये तू ज्या वासासाठी त्याला लावलंस, तो वास त्या वर्षी नाही.

भाची : अंजीर! मला वाटलंच होतं, सासवडचा माणूस शेवटी अंजिरावर येणार.

मामा : येणारच. पुरंदरच्या अंजिराला भौगोलिक मानांकन मिळालंय, आणि आमच्या घरी खट्टा बहर कधी, मिठा बहर कधी यावर वर्षाचं गणित चालायचं. पण मी जिव्हाळ्यापोटी बोलत नाही. त्या दक्षिण भिंतीचं पूर्वेचं टोक बघ, जिथे गॅरेजची सावली पोचत नाही. दिवसभर ऊन, मागून तापलेली वीट, वळचणीमुळे माती कोरडी, पायाच्या सिमेंटमधून वर्षानुवर्षं पाझरलेला चुना. अनंताला यातलं एकही सोसत नाही. त्याला आम्ल माती लागते, सामू पाच ते साडेसहाच्या दरम्यान. चुना लागला की पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, लोह मिळत नाही म्हणून. अंजिराला चुना चालतो, कोरडं चालतं, तापलेली भिंत तर हवीच असते, नाहीतर इथल्या छोट्या उन्हाळ्यात फळ पिकत नाही. शिवाय हिवाळ्यात पानं गळलेली, म्हणजे तहानेचा प्रश्न नाही. आणि इथे ते नवीन नाही. न्यू यॉर्क-न्यू जर्सीतले इटालियन आजोबा शंभर वर्षं अंजीर जगवत आलेत. नोव्हेंबरात फांद्या दोराने आवळतात, गोणपाट गुंडाळतात, वर बादली उपडी घालतात. काही जण तर एका बाजूची मुळं तोडून अख्खं झाड खंदकात आडवं करतात आणि मातीने झाकतात.

भाची : आणि नोव्हेंबर ते एप्रिल दारात एक गाठोडं उभं! मामा, ही घराच्या पुढची जागा आहे. मी रोज सकाळी कामावर जाताना आणि संध्याकाळी अंधारात परत येताना तिथूनच जाते. हिवाळ्याचे पाच महिने मला तिथे हिरवं काहीतरी दिसायला हवं, म्हणून तर सदाहरित शोधतेय. जे झुडूप वाचवायला वर्षातले पाच महिने गुंडाळून ठेवावं लागतं, ते परसदारी ठीक. पुढच्या दारात नको.

याबाबतीत मला भाचीचं म्हणणं पटतं. घराजवळची उबेची जागा बहुधा घरातली सगळ्यांत दिसणारी जागा असते, दार, पायऱ्या, स्वयंपाकघराची खिडकी, आणि काठावरच्या झाडांना संरक्षण लागतं तेही नेमकं तिथेच. झाड जगवण्याच्या नादात त्याला सहा महिने गोणपाटात घालणं, त्यावर प्लॅस्टिक चढवणं, नाताळचे दिवे ऊब देतील म्हणून गुंडाळणं हे सगळं मी लोकांच्या दारात पाहिलं आहे. प्लॅस्टिक तर उन्हात आतली हवा इतकी तापवतं की झाड थंडीआधी त्यानेच भाजतं, आणि हल्लीच्या एलईडी दिव्यांत ऊब नावालाही नसते. ज्या झाडाला दरवर्षी एवढं करावं लागतं, ते त्या जागेचं झाड नव्हे. पण मामाची बाजूही एवढ्यावर संपत नाही. नुसता पाला आणि एका बाजूला गोणपाटाचा आडपडदा, इतक्यावर भागत असेल तर ते संरक्षण माफक आहे, आणि सुज्ञ माळी तेवढं करतोच.

मामा : बरं, दार तुझं. मग वासच हवा असेल तर कोरियन स्पाइस व्हायबर्नम लाव. एप्रिलमध्ये फुलतं, वास लवंगेसारखा, आणि आपल्यापेक्षा कितीतरी थंड भागांत उघड्यावर राहतं. एकाही रात्री तुला झोपेतून उठून बाहेर बघावं लागणार नाही.

भाची : ते मी पाहिलंय, वास घेतलाय. चांगलं आहे. पण ते हिवाळ्यात उघडं पडतं, आणि ते मला हवं असलेलं झाड नाही. आईच्या घरी अनंताचं फूल सकाळी वाटीभर पाण्यात देवापुढे असायचं, संध्याकाळपर्यंत पिवळं पडायचं, पण घर भरून वास. तू म्हणशील, ही आठवण झाली, कारण नव्हे. माझ्या दृष्टीने ते कारणच आहे. झाड फक्त टिकण्यासाठी लावायचं असेल तर प्रत्येक दारात यू लावून मोकळं व्हावं. मला जे प्रिय आहे ते इथे तग धरू शकतं का, एवढंच मला बघायचंय. आणि अनंत तरी मूळचा आपला कुठे, तोही चीन-जपानकडून आला आणि आपल्याकडे रुळला. दुहेरी पाकळ्यांचा हट्ट मी आधीच सोडलाय. फ्रॉस्टप्रूफ नावाचा वाण घेतला असता तर फूल आईच्या अंगणातल्यासारखं मिळालं असतं. मी एकेरी घेतेय, कारण तो जास्त सोसतो. मी काही तुझं न ऐकता चाललेली नाही.

मामा : (थोडं थांबून) कोपऱ्यात म्हणतेस. भिंतीपासून किती अंतरावर?

भाची : तू सांग.

मामा : तीन फूट. भिंतीला चिकटवलंस तर वळचणीच्या कोरड्यात जाईल, चुन्यात जाईल, आणि पन्हळीवरून बर्फाचा ढीग घसरला तर फांद्या मोडतील. तीन फुटांवर पाऊस मिळतो आणि आडोसाही राहतो. सकाळचं ऊन मिळेल, दुपारी गॅरेजची सावली, उन्हाळ्यात त्याला हेच आवडतं. जानेवारी-फेब्रुवारीत मात्र पूर्वेच्या बाजूला दोन काठ्या ठोकून गोणपाट ताण, म्हणजे गोठलेल्या पानांवर सकाळचं ऊन थेट येणार नाही. गुंडाळायचं नाही, नुसता पडदा. दारातून दिसणारही नाही.

भाची : लावायचा कधी? सप्टेंबरात नर्सऱ्या निम्म्या किमतीत देतात.

मामा : काठावरचं झाड शरदात लावायचं नाही, कितीही स्वस्त मिळो. मुळं पसरायच्या आत जमीन गोठते. मदर्स डे झाला की लाव, म्हणजे अख्खा उन्हाळा मिळेल. जुलैनंतर खत बंद, नाहीतर सप्टेंबरात कोवळी फूट येते आणि तीच पहिली मरते. जमीन गोठण्याआधी नोव्हेंबरात भरपूर पाणी. मुळाशी चार बोटं पाला, पण बुंध्याला चिकटवून नाही. आणि विकत घेताना चिठ्ठीवर अनंताचं नुसतं इंग्रजी नाव, गार्डेनिया, असेल तर घेऊ नकोस. एप्रिलमध्ये दुकानांत कळ्यांनी लगडलेली जी रोपं येतात, ती काचघरात वाढवलेली असतात, आणि त्यांतली बरीच झोन आठची असतात. वाणाचं नाव छापलेलं हवं. पाणी तुंबतं का तेही बघ. थंडीत ओल्या पायांनी उभं राहणं अनंताला थंडीपेक्षा वाईट.

भाची : हरणं?

मामा : भुकेलेलं हरीण सगळं खातं. पण दाराच्या इतक्या जवळ सहसा येत नाहीत, आणि अनंत काही त्यांचा पहिला आवडता घास नव्हे. कॅमेलिया असती तर काळजी केली असती.

भाची : आणि पूर्वेचं टोक? ते रिकामंच ठेवू?

मामा : एक हिवाळा ठेव. दोन किमान-कमाल तापमापक घे, स्वस्त मिळतात. एक त्या टोकाला, एक लॉनच्या मधोमध, दोन्ही सारख्याच उंचीवर, ऊन थेट पडणार नाही असे. वाऱ्याच्या रात्री आणि शांत रात्री वेगळ्या लिहून ठेव. बर्फ कुठे आधी वितळतो आणि कुठे शेवटी, तेही बघ. मार्चमध्ये तुला कळेल तुझ्या भिंतीचा झोन कुठला. माझं ऐकून नव्हे, नकाशा बघूनही नव्हे. मग तिथे अंजीर लावायचं की क्रेप मर्टल, ते ठरव.

भाची : म्हणजे अनंताला तुझी हरकत नाही.

मामा : हरकत आहेच. एखाद्या फेब्रुवारीत तो जळणार, आणि त्या जूनमध्ये तू हिरमुसणार, हे मला दिसतंय. पण त्याला उपाय आहे आणि तो भिंतीपेक्षा पक्का आहे. दर ऑगस्टमध्ये यंदाच्या फांद्यांची तीन-चार छाटकलमं करायची, पाण्यात नाहीतर परलाइटमध्ये. अनंताला मुळं सहज फुटतात. ती रोपं हिवाळाभर दक्षिणेच्या खिडकीत ठेवायची. बाहेरचा गेला, तर मे महिन्यात त्याच झाडाची फांदी त्याच खड्ड्यात.

भाची : हे तू आधी का नाही सांगितलंस?

मामा : आधी सांगितलं असतं तर तू भिंतीचा विचारच केला नसतास. आता आधी माती काढ, कोपऱ्यातली वेगळी आणि टोकाची वेगळी, दोन पिशव्या. रटगर्सच्या प्रयोगशाळेत पाठव. सामू साडेसहाच्या पुढे निघाला तर गंधक घालावं लागेल, आणि त्याला मुरायला महिने लागतात. म्हणजे मे महिन्यात लावायचा असेल तर हे काम याच आठवड्यातलं.

भाची : फावडं गॅरेजमध्ये आहे.

मामा : चल मग. चार-सहा इंच खोलीपर्यंतची घे, वरचा पालापाचोळा नको.